स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
१८ सप्टेंबर

गुरुप्रसाद,

‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ गाळले आहेत. चुकून नाही.

तुझं पाकीट परवा मिळालं. दीड वर्षात सख्ख्या भावाकडून आलेली पहिली वस्तू, म्हणून मी ते कात्रीनं कडेकडेनं कापून उघडलं, न जाणो आत पत्र असेल. आत हक्कसोडपत्राचा मसुदा. त्याखाली तुझ्या बायकोच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मी इथे वकिलातीत जाऊन सही ठोकायची आणि तिकडे रजिस्ट्रारसमोर माझ्या वतीनं ती उभी राहणार. त्याखाली पोपटी साडी. आणि एका चिठोऱ्यावर तुझ्या अक्षरात: ‘अक्का, भाऊबीजेची ओवाळणी आधीच पाठवतोय. पेपर तेवढे लवकर कर.’

साडी आणि सही एकाच पाकिटात. वेगळी पाकिटं करायचीही तसदी घेतली नाहीस.

फोनवर बोलले असते. पण माझा फोन आला की कोल्हापुरातली रेंज जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्याऐवजी तुझी बायको जोडलेले हात पाठवते. म्हणून हे कागदावर. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगायच्या, रागानं पत्र लिहायचं असेल तर आधी पट्टीनं समास आखा, तोवर अर्धा राग उतरतो. मी समास आखला आहे. उतरला नाही.

मसुदा वाचला. तेहतीस वर्षं मी या शहरात दुसऱ्यांची काँट्रॅक्टं टाइप केली आहेत, त्यामुळे कागद वाचण्यात मला फसवू नकोस. ‘वळिवडे येथील मिळकतीवरील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमापोटी कायमचा सोडून देत आहे.’ माझी खुशी तू टाइप करून पाठवलीस. किती ती सोय.

त्या जागेवर दोन खोल्या आहेत. त्या दोन खोल्यांत आपली धाकटी बहीण राहते. नंदू. चौसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, आईची अंथरुणातली नऊ वर्षं जिनं काढली ती. तिथेच ती पोरींना शिवण शिकवते आणि त्यावर पोट भरते. तुझ्या मसुद्यात तिचं नाव एकदाच येतं, माझ्यासारखीच हक्क सोडणारी म्हणून. चौदा नोव्हेंबरला तू तिला कचेरीत नेणार. मग बिल्डर येणार, खोल्या पाडणार. नंदू कुठे जाणार? ‘बिल्डिंग झाल्यावर तिला वर एक खोली देऊ की,’ असं तू गेल्या वर्षी म्हणाला होतास. मी मसुदा तीनदा वाचला. ती खोली त्यात नाही.

आता तुला हसायला एक कारण देते. मी सध्या पोलंडचा इतिहास शिकते आहे. हो, त्र्याहत्तराव्या वर्षी. दर मंगळवारी मेट्रोनं लुसैलला जाते.

तुला आई मिठाच्या पाण्यात शेपू घालून काकड्या मुरवायची ते आठवतं? शेजारणी नाक मुरडायच्या. वडील वळिवड्याच्या पोलिश छावणीत स्टोअरकीपर होते, तेव्हा तिथल्या एका बाईनं तिला ते शिकवलं होतं. महायुद्धात निर्वासित झालेली पाच हजार पोलिश माणसं पाच वर्षं आपल्या गावाशेजारी राहून गेली आणि आपल्या घरात त्यांची एवढीच खूण उरली. तर जूनमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला: वळिवड्याचं कोणी आहे का, माझी आई लहानपणी तिथे राहिली होती. ही हालिना. मुलगा इथे इंजिनिअर, त्याच्याकडे राहते. पोलंडमध्ये शाळेत इतिहास शिकवायची. मी गेले. तिनं बरणी काढली आणि काकडी समोर ठेवली. एक घास खाल्ला. मी रडले वगैरे नाही. मीठ कमी आहे, असं सांगितलं.

त्या दिवसापासून ती आम्हा चार-पाच बायकांना पार दहाव्या शतकापासून शिकवते आहे. आम्ही आत्ता चौदाव्यात आहोत.

सही करणार नाही. साडीचं अजून ठरवलं नाही.

शशिकला


३ ऑक्टोबर

गुरुप्रसाद,

मला उत्तर द्यायच्या ऐवजी तू देवव्रतला फोन केलास. माझ्या मुलाला. ‘तुझ्या आईला समजाव रे, या वयात जमीन घेऊन काय करणार आहे?’ हे तुझे शब्द, त्यानं मला जेवताना वाढले.

“आई, सोड ना,” तो म्हणाला. “मामा एवढं म्हणतोय तर. आपल्याला काय कमी आहे? खलास कर विषय.”

चैत्रालीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. माझी नात चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, तोंडातून इंग्रजीच येतं. “आजी, डोन्ट साइन,” ती म्हणाली. “बाबा, इट्स नॉट युअर हाउस.”

घरात एकीला तरी अक्कल आहे.

आणि ‘आपल्याला काय कमी आहे’ हे वाक्य माझ्या मुलाच्या तोंडून ऐकताना मला कसं झालं ते तुला सांगणार नाही. ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

तुझं ‘या वयात’ मात्र सोडणार नाही. पोलंडमध्ये १३८४ साली दहा वर्षांच्या मुलीला गादीवर बसवलं. याद्विगा तिचं नाव. कायद्यात राणीनं राज्य करण्याची सोयच नव्हती, म्हणून तिचा अभिषेक ‘राजा’ म्हणून केला. मुलगी, पण कागदावर राजा. विशी-पंचविशीत वारली, जाताना दागिने विद्यापीठासाठी ठेवून गेली. साडेसहाशे वर्षांपूर्वी त्यांना कागदावर मुलीसाठी जागा करता आली. तुझ्या वकिलाला काँप्युटर असून जमत नाही.

पुढचं ऐक, हे तुझ्याच कामाचं आहे. त्यांची एक संसद होती, सेइम म्हणायचे. तिथे नियम असा की कोणत्याही एका सभासदानं उभं राहून ‘मला मान्य नाही’ म्हटलं की सगळं बारगळलं. एकट्या माणसानं! १६५२ साली एकानं ते पहिल्यांदा वापरलं आणि सभा मोडली. हालिनानं मला ते शब्द म्हणायला शिकवले. न्ये पोझ्वालाम. मी तिच्या बैठकीत इतक्या जोरात म्हटलं की शेजारची अरबी बाई दार उघडून बघायला आली.

तर हे माझं न्ये पोझ्वालाम. तीन वारस आहेत. एक मी. मला मान्य नाही. आता बस.

खालच्या मजल्यावरच्या सिताराला मी हे सगळं सांगितलं. ती रत्नागिरीची, वीस वर्षं आमची ऊठबस आहे. मला वाटलं, ती म्हणेल बरं केलंस. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

“शशीताई, आमच्यात तर किताबात हिस्सा लिहिलेला आहे. मुलीचा इतका म्हणून. कोणाच्या बापाला बदलता यायचा नाही.”

“मग घेतलास ना?”

“माफ केला. आम्ही तिघी बहिणींनी. घेतला असता तर भावाच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार?” मग हसली. “आता भाऊ नैरोबीला असतो. दाराला कुलूप आहे.”

तिचं काय चुकलं? तूही विचार कर, जमल्यास.

शशिकला


१७ ऑक्टोबर

गुरुप्रसाद,

बेळगावच्या मावसबहिणीचा फोन होता. ‘अक्का, बरी आहेस ना? गुरुदादा म्हणत होता, तुझ्या डोक्यात काहीतरी पोलंड-बिलंड शिरलंय.’ वा. कागदावर सही करेपर्यंत मी शहाणी, नाही म्हटलं की वेडी. बहिणीला वेडी ठरवायला तुला आठवडा पुरला. तिच्याच कुलमुखत्यारपत्रात तुझ्या वकिलानं ‘मी पूर्ण शुद्धीत असून’ असं लिहिलंय, ते तेवढं त्याला विचार, खोडायचं का.

मला हे पत्र लांबवायचं नाही, पण परवाचा तास तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

१७७२. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया या तिघांनी आपापसात बसून पोलंडचे लचके वाटून घेतले. सैन्य आत घुसवलं, जमीन ताब्यात आली. मला वाटलं, संपलं. हालिना म्हणाली, थांब. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी वॉर्सात सेइम भरवायला लावली आणि म्हणाले, आता तुम्हीच सही करा, की हे आम्ही दिलं.

मी वही मिटली. खरंच मिटली. चोरी करून झाल्यावर मालकाकडून पोच घ्यायची! तुझा मसुदा माझ्या पर्समध्येच होता. मी काढला आणि तिला ते वाक्य इंग्रजीत सांगितलं: स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय. ती म्हणाली, “त्यांच्याही करारात असंच गोड गोड होतं.”

त्या सभेत रेयतान नावाचा एक सभासद होता. सह्या होऊ नयेत म्हणून तो दारातच आडवा पडला. अंगरखा फाडला, छाती उघडी टाकली, म्हणाला, जायचं तर मला तुडवून जा. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काय, ओलांडून गेले. ओलांडून जाणारे त्याचेच लोक होते. काहींना परक्यांकडून पेन्शनी सुरू झाल्या होत्या.

पेन्शनी. पोपटी रंगाच्या असतील.

आता तू खूश होशील असं एक. माझ्या न्ये पोझ्वालामचं मी हालिनाला अभिमानानं सांगितलं, तुला पत्रात तसं लिहिलं म्हणून. तिनं चहा खाली ठेवला. “त्या नियमानंच आमचं वाटोळं झालं,” ती म्हणाली. “शंभर वर्षं जो तो उठून मान्य नाही म्हणायचा. कोणी स्वतःच्या मिजाशीसाठी, कोणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून. पुढच्या घटनेत आम्ही तो रद्द केला. तू नाही म्हणालीस, ठीक. पण त्या घरात राहतं कोण? तू?”

मी म्हटलं, माझी बहीण.

“ती काय म्हणते?”

मी म्हटलं, ती काही म्हणत नाही, ती गरीब आहे बिचारी.

हालिनानं पुढे विचारलं नाही. वर्गात तीस वर्षं काढलेली बाई आहे, कुठे गप्प बसायचं ते तिला कळतं. म्हणून मी घरी येऊन नंदूला फोन केला. तिला सांगायला, की चौदा तारखेला सही करू नकोस. स्पष्ट बजावलं. दोनदा.

ती जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तुझा त्याच्याशी संबंध नाही.

शशिकला


३ नोव्हेंबर, भाऊबीज

गुरुप्रसाद,

संबंध आहे. लिहिते.

नंदूशी झालेलं बोलणं गेले एकोणीस दिवस माझ्या डोक्यात आहे आणि आज सकाळी चैत्रालीला भाऊ नाही म्हणून तिनं बापालाच ओवाळायचं, अशी थट्टा चालली होती, तेव्हा मला हसू येईना. तिचं बोलणं असं होतं.

“अक्का, सही करू नको म्हणतीयस.”

“हो. अजिबात नाही.”

“बरं.” शिलाई मशीन चालू होतं. बंद झालं. “त्या वेळी सही कर म्हणालीस. तवा पण असंच दोनदा म्हणालीस.”

मी म्हटलं, कधी?

“उसाच्या रानाच्या टायमाला. चौऱ्याण्णव सालात. तू सुट्टीवर आलतीस. मी म्हणलं, अक्का, मला जरा विचार करू दे. तर तू म्हणालीस, बहिणींनी भावाकडं मागायचं नसतं, माहेर तुटतं. आई म्हणाली, नंदूचं कसं? तर तू म्हणालीस, भाऊ आहे की. मग तू पेन हातात दिलंस. तुझंच होतं पेन, दोह्याचं. सोनेरी.”

“नंदू, ते...”

“दादा काही बोलला नव्हता गं त्या दिवशी. तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याला लाज वाटत हुती. तूच सगळं केलंस.”

गुरू, मी सप्टेंबरपासून तुला तीन पत्रं लिहिली. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, पेन्शनी, साडी, सगळं तुझ्या माथी मारलं. आणि ज्या पहिल्या वाटणीवर सह्या झाल्या, तिथे सह्या करवून घेणारी मी होते. दोन एकर ऊस. मला दोह्यात नोकरी, नवरा कमावता, पायात उंच टाचा. ‘मला काय कमी आहे’ असं म्हणून मी सही केली, ते दान म्हणून मिरवलं आणि त्या मिरवण्यात चौतीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, दुसऱ्यांची ब्लाउजं शिवणाऱ्या बहिणीचा हिस्सा देऊन मोकळी झाले. माझ्या दानशूरपणाला तो कमी पडत होता म्हणून. तू मला तेव्हा जांभळी इरकल दिलीस. मी ती दोह्यात त्याच वर्षीच्या दिवाळीला नेसले आणि सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावानं दिली.

मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेव्हा नंदू पाळण्यातही नव्हती. माझ्या फीनंतर वडिलांकडे काही उरलं नाही म्हणून ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली. ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

राग तुझ्यावर अजून आहे, गैरसमज नको. फक्त आता तो एकट्या तुझ्या वाट्याला येत नाही.

ती म्हणाली, “तू तवा पण सांगितलंस, आता पण सांगतीयस. दादा पण सांगतोय. मला काय पायजे, हे कुणी इचारलंय?”

मग मी विचारलं. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, “आत्ता नाही सांगत. पोरी आल्यात शिकायला.” आणि फोन ठेवला.

आता मी काय केलं ते ऐक. मागच्या रविवारी वकिलातीत गेले. तुझी पोपटी साडी नेसून गेले. खिडकीतल्या मुलानं विचारलं, “आँटी, आज कोई फंक्शन है?” मी म्हटलं, हां है. तुझा मसुदा मी वापरला नाही, मीच नवा टाइप केला, मला येतं. कुलमुखत्यारपत्र आहे, पण तुझ्या बायकोच्या नावाचं नाही. नंदिनीच्या नावाचं. वळिवड्याच्या जागेतल्या माझ्या हिश्श्याचं तिला जे योग्य वाटेल ते तिनं करावं. ठेवावा, सोडावा, विकावा. मला विचारण्याची गरज नाही, असंही लिहिलं आहे. कुरिअर तिला शुक्रवारी मिळालं.

तुझ्यासारखाच देवव्रत म्हणाला, “आई, ती साधी आहे. मामानं दटावलं की ती दोन्ही सह्या करेल. तुझीपण जाईल.”

करेलही. मला त्याची भीती वाटते, लपवत नाही. रोज उठून फोनकडे हात जातो, तिला सांगावं, असं कर, तसं बोल. तो हात मी मागे घेते. गेल्या मंगळवारी हालिनानं सांगितलं, तिसऱ्या वाटणीनंतर त्या तिघा सत्तांनी एका गुप्त कलमात ठरवलं की पोलंड हे नाव यापुढे कुठल्याच कागदात येऊ द्यायचं नाही. सातबाऱ्यावर तलाठी काय लिहितो? ‘नाव कमी केले.’ नंदूचं नाव उसाच्या रानावरून कमी झालं तेव्हा आपल्यापैकी कोणालाही वाईट वाटलं नाही. आपण पेढे खाल्ले.

आज तुला ओवाळायला कोणी आलं होतं का? नंदू आली असेल. ती येतेच.

शशिकला


१५ नोव्हेंबर

गुरू,

तुझा फोन काल दुपारी आला. रेंज होती. तू जे जे बोललास ते मी ऐकून घेतलं, कारण मध्ये बोलायला तू जागा ठेवली नाहीस. ‘तू पढवलंस तिला, तू फोडलंस घर.’ तुझं झाल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं की ऑक्टोबरमधल्या त्या एका फोननंतर चौदा तारखेबद्दल मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही. तू म्हणालास, खोटं. मग संध्याकाळी नंदूचा आला, आणि तिनं सांगितलं ते मी तुला परत सांगते, कारण तू तिथे उभा असूनही ते ऐकलं नसशील.

कचेरीत गर्दी होती. तुम्ही तिघे, वकील, दोन साक्षीदार. कारकुनानं तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं, फोटो काढला, यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं. मान वर न करता त्यानं नेहमीचं विचारलं, “मावशी, कागद वाचलाय न्हवं? राजीखुशीनं सोडताय न्हवं?”

नंदू म्हणाली, “न्हाई.”

“वाचला न्हाई?”

“वाचलाय. चारदा वाचलाय. राजीखुशीनं न्हाई.”

त्यानं तेव्हा मान वर केली म्हणे. असं उत्तर त्याला कधी मिळालंच नसेल. इतक्या बहिणी त्या खुर्चीवर बसून गेल्या.

तू म्हणालास, “नंदे, गप अंगठा दे, मागं लोकं थांबल्यात.”

ती म्हणाली, “थांबू देत. मी तीस वर्सं थांबलेय.”

मग तिनं पिशवीतून माझं कुलमुखत्यारपत्र काढलं, कारकुनापुढे ठेवलं आणि म्हणाली, “हे अक्काचं. तिचं पण न्हाई. दोघींचं मीच सांगायचं आहे.” साहेब आतून आले, त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि मसुदा तुझ्या हातात परत दिला.

मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, “लय वाटली. पण खुर्ची हुती न्हवं बसायला.”

याद्विगापासून रेयतानपर्यंत सगळं मी तिला सांगणार होते. तिला पोलंड म्हणजे आईच्या काकड्या, त्यापलीकडे काही ठाऊक नाही. सांगितलं नाही. तिला त्याची गरज पडली नाही.

आणि हालिनाला सांगितलं. मला वाटलं, ती खूप काही म्हणेल. तिनं विचारलं, “तिला राहायचंय तिथे? की तुम्ही म्हणता म्हणून?” मी म्हटलं, राहायचंय. नंदूनं काल स्वतःहून सांगितलं: उत्तरेकडची खिडकी हवी, कारण सुईत दोरा ओवायला तिकडचा उजेड लागतो. तुझ्या बिल्डरच्या वरच्या खोलीला कुठल्या बाजूची खिडकी असणार, हे तिनं तुला एकदा विचारलं होतं म्हणे. तुला ठाऊक नव्हतं.

अजून एक, तू फोनवर हे सांगितलं नाहीस. तुझ्या बायकोनं तिलाही पोपटी साडी दिली होती, माझ्यासारखीच, त्याच थानातली. कचेरीतून निघताना नंदूनं ती पिशवीतून काढून वहिनीच्या हातात ठेवली. घडी मोडली नव्हती. “वहिनी, फॉल-पिको करून ठेवलाय,” ती म्हणाली. “लगेच नेसता येईल.”

राग असलेल्या माणसाला फॉल लावून साडी परत करावीशी वाटते का, मला कळत नाही. मी असते तर तुझ्या अंगावर फेकली असती. म्हणून त्या खुर्चीवर मी नव्हते हे बरं झालं.

पुढच्या भाऊबीजेला मी येणार आहे. तिकीट देवव्रत काढणार आहे, मी त्याला सांगितलंय, समजावायला येऊ नकोस, फक्त काढ. उतरणार नंदूकडे, वळिवड्याला. त्याच दोन खोल्यांत पाट मांडू. तिला म्हटलं, गुरूला बोलवायचं का? तुझं घर आहे, तू ठरव. ती म्हणाली, “बोलव की. तो काय परका हाय.”

तर ये. साडी आणू नकोस.

अक्का